हरणशिंगाचा बुधवार

इथे सफरचंद कापून देतात. बशीत आठ फोडी, कडेने तांबूस पडलेल्या, आणि सोबत प्लास्टिकचा काटा. मी शेफील्डमध्ये एक्केचाळीस वर्षं खिशातले घडीचे चाकू बनवले. माझ्या हातच्या पात्यांनी किती लोकांनी किती सफरचंदं सोलली असतील याचा हिशोब नाही. आणि आता मला फोड भरवायची तेवढी बाकी ठेवली आहे! पहिल्या दिवशी मी बशी तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून खाल्ली.

मी नेव्हिल स्टॅनिफोर्थ, वय त्र्याऐंशी. जिन्यावरून पडलो, खुब्याचं हाड मोडलं, ते जुळेपर्यंत मुलीने घर विकलं आणि मला या बीचक्रॉफ्ट नावाच्या वृद्धाश्रमात आणून सोडलं. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तोंडावर म्हणायला ती इथे असते कुठे? दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे काम करणाऱ्यांना ठाऊक, आम्हाला नाही. डोकं ठिकाणावर असो की नसो, दार सगळ्यांना सारखंच बंद. शिवाय आत येताना खिसे रिकामे करून घेतात. माझे त्रेसष्ट चाकू मॅनेजर लोरेनने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरले, डब्यावर माझं नाव चिकटवलं आणि डबा ऑफिसातल्या कपाटात ठेवून किल्ली गळ्यात अडकवली. "आता आपले चाकू अगदी सुरक्षित राहतील हं," म्हणाली. आपले! त्यातल्या एकाची मूठ कशाची आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

कपाटात तसेच आणखी दोन डबे होते. एक डोरीन मॅचिनचा. डोरीन शहाऐंशी वर्षांची, पंधराव्या वर्षापासून चाकू-चमच्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर उभी राहिलेली. त्या चाकाच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. दुसरा, चांगलाच मोठा डबा ग्रॅनव्हिल ऑसगथॉर्पचा. तो पोस्टमन होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, लग्न केलं नाही, आणि जे काही साठवलं ते चाकूंत. दोनशे अकरा चाकू होते त्याच्याकडे. एकही आडवातिडवा घासून चकचकीत केलेला नाही. पोलादावर वापराने जी काळसर निळी झाक चढते, ती त्याने पोटच्या पोरासारखी जपली होती.

आम्हा तिघांची गाठ खिडकीजवळच्या टेबलाशी पडली. साडेदहाला चहा येतो. पहिल्याच आठवड्यात डोरीनने कप बाजूला सारला आणि मला विचारलं, "काय रे, खिशात काय आज?"

"काय असणार? काढून घेतलं ना सगळं."

"ते मलाही माहीत आहे, शहाण्या. आज खिशात काय *असतं*?"

मग कळलं. चाकू जमवणारा माणूस सकाळी पँट चढवताना ठरवतो, आज कोणता घ्यायचा. ते ठरवणं काही लोरेनला डब्यात भरता आलं नव्हतं. मी जरा विचार केला आणि म्हणालो, "वडिलांचा. काळं शिंग, एकच पातं, मुठीजवळ कपचा उडालाय." डोरीन म्हणाली, "उघड बघू." मी अंगठ्याचं नख हवेतल्या पात्याच्या खाचेत घातलं, ओढलं, आणि जिभेने टक् असा आवाज केला.

"स्प्रिंग सैल झालीय तुझी," ती म्हणाली.

"स्प्रिंग ठीक आहे. दात नाहीत म्हणून आवाज तसा येतो."

त्या दिवसापासून रोज. नियम डोरीनचे. चाकू स्वतःचाच पाहिजे. विकलेला किंवा देऊन टाकलेला खिशात घालायचा नाही. आणि त्याने आज काय कापलं ते सांगायचं. एकदा ती स्वतःच एक शिंपल्याच्या मुठीचा चाकू घेऊन आली, जो तिने नवऱ्याच्या आजारपणात विकला होता हे तिनेच मला सांगितलं होतं. मी पकडलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तो विकायला नको होता रे," आणि पुन्हा खेळ सुरू झाला.

ग्रॅनव्हिल या खेळातला राजा. त्याचा प्रत्येक वाराचा चाकू ठरलेला होता, चाळीस वर्षं, कधी बदल नाही. सोमवारी काळ्या शिंगाचा, पार्सलांच्या दोऱ्या कापायला. मंगळवारी बागेतला, वाकड्या चोचीचा. बुधवारी हरणशिंगाचा, दोन पात्यांचा. गुरुवारी हाडाचा, पिवळा पडलेला. शुक्रवारी पितळी, कारण त्या दिवशी मासे, आणि पितळ धुवून निघतं. शनिवारी एक चपटा, मॅच बघायला जाताना कोटाच्या आतल्या खिशात मावणारा. रविवारी शिंपल्याच्या मुठीचा, चांदीच्या पात्याचा, चर्चनंतर पेअरचं फळ कापायला.

"पेअरला चांदी लागते का रे तुला? लॉर्ड लागून गेलास का?" डोरीन चिडवायची.

"पोलादाने पेअर काळं पडतं, बाई. इतकी वर्षं पॉलिश केलंस, एवढंही शिकली नाहीस?"

मे महिन्यात एके दिवशी ग्रॅनव्हिल म्हणाला, "आज वडिलांचा आणलाय. काळं शिंग, एकच पातं. मुठीजवळ कपचा उडालाय."

डोरीनने माझ्याकडे पाहिलं. तो माझा चाकू होता. माझ्या वडिलांचा. कपचा कसा उडाला, हेही मी दोघांना शंभरदा सांगितलं होतं. एरवी मी टेबल डोक्यावर घेतलं असतं. पण ग्रॅनव्हिल त्या हवेतल्या पात्याकडे इतक्या मायेने बघत होता की मी नुसतं म्हणालो, "छान आहे. धार लावून ठेव."

मग हळूहळू बाकीचंही दिसायला लागलं. तो दुसऱ्याच्याच खोलीत जाऊन बूट काढून बसला. चहा पिऊन झाल्यावर चहा कधी येणार म्हणून विचारू लागला. लोरेनने एकदा गोड आवाजात सांगितलं, "जुलैत आपली तपासणी आहे हं, ग्रॅनव्हिल. नर्स येईल, चार प्रश्न विचारेल."

ही तपासणी म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. उत्तरं चुकली की माणूस वरच्या मजल्यावर जातो. वर जायची लिफ्टसुद्धा आकड्यांवर चालते. मार्चमध्ये सिरिल वर गेला, बुद्धिबळाचा पट काखेत मारून. आठवड्याने पट तेवढा खाली परत आला. सिरिल काही आला नाही.

"त्याला वर जाऊ द्यायचं नाही," डोरीन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "गेला तर आपण दोघं काय, एकमेकांचं तोंड बघत बसायचं? तुझं तोंड काय बघण्यासारखं आहे?"

युक्ती माझीच. ग्रॅनव्हिलला वार आठवत नव्हता, पण खिसा आठवत होता. सकाळी उठला की हात आपोआप त्या दिवसाच्या चाकूवर जायचा. वार कोणता ते त्याच्या डोक्याला कळण्याआधी हाताला कळायचं. मग चाकूवरूनच वार काढायला शिकवलं तर?

"खिशात काय?"

"हाडाचा."

"हाडाचा म्हणजे?"

"हाडाचा म्हणजे... गुरुवार."

महिन्यांचंही तसंच. जुलैत चाकूला काम काय? तर स्ट्रॉबेरीचे देठ काढायचे. आपण राहतो कुठे? तर जिथे चाकू दारातच काढून घेतात, तिथे. त्याचं नाव बीचक्रॉफ्ट. तीन आठवड्यांत तो एकदाही चुकला नाही. आम्हाला तर आकाश ठेंगणं झालं. डोरीनने मला तिच्या वाटचं बिस्किट दिलं, यावरून समजा.

आणि त्या आनंदात आम्ही माती खाल्ली. आम्हाला ते इतकं आवडलं की आम्ही स्वतःच तसं बोलायला लागलो. "लोरेन पितळीपर्यंत सुट्टीवर आहे." "माझी मुलगी शिंपल्याला फोन करते म्हणाली होती, केला नाही." ग्रॅनव्हिल खूश होऊन हसायचा. कारण शेवटी जग त्याच्या भाषेत बोलायला लागलं होतं. हाडाचा म्हणजे गुरुवार, यातला 'म्हणजे गुरुवार' कधी गळून पडला, ते आम्हाला कळलंच नाही.

तपासणी सोळा जुलैला, बुधवारी. ग्रॅनव्हिलचं जवळचं कोणी नाही, एक पुतण्या आहे तो ऑस्ट्रेलियात. म्हणून त्याने मला सोबत मागितलं. "बसा, पण मदत करायची नाही," लोरेनने बजावलं. ऑफिसशेजारची खोली. नर्स पन्नाशीची, दमलेली, बाई काही वाईट नव्हती. तिच्या पाठीमागे उघड्या दारातून ते कपाट दिसत होतं.

"ग्रॅनव्हिल, आज वार कोणता ते सांगाल?"

ग्रॅनव्हिलचा हात खिशात गेला. क्षणभर थांबला. मग तो माझ्याकडे बघून असा हसला की माझा जीव भांड्यात पडला.

"हरणशिंगाचा," तो म्हणाला.

नर्सने मान वर केली. "वार विचारला मी. सोमवार, मंगळवार..."

"हरणशिंगाचा," त्याने जोर देऊन सांगितलं. "दोन पात्यांचा."

"बरं. महिना कोणता चाललाय?"

"छोट्या पात्याने स्ट्रॉबेरीचे देठ काढायचे."

"आणि आत्ता आपण कुठे आहोत?"

"जिथे चाकू दारातच काढून घेतात, तिथे."

तीनपैकी तीन! मी परीक्षक असतो तर उठून त्याचा हात हातात घेतला असता. नर्सने कागदावर तीन शून्यं काढली. उलटी दिसत होती मला, पण शून्य उलटं काय न् सुलटं काय.

माझ्याने राहवेना. "बाई, बुधवार म्हणाला तो! बरोबर आहे त्याचं. हरणशिंगाचा म्हणजे बुधवार."

"कृपया मदत करू नका."

"मदत नाही करत, अर्थ सांगतोय. त्याचे सात चाकू आहेत, सात वारांचे. असं बघा, बुधवारी तो असा काढतो, असं नख घालतो..." आणि मी नख घातलं, पातं ओढलं, जिभेने टक् केलं.

नर्सने ग्रॅनव्हिलचा कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला काय दिसत होतं ते मलाही दिसलं. रिकाम्या हातात नसलेला चाकू उघडणारा एक म्हातारा. मी जितकं समजावून सांगत होतो तितका गाळात रुतत होतो.

"नेव्हिल ना तुम्ही? तुमची तपासणी उद्या आहे, हो ना?" तिने अगदी हळुवार विचारलं. लहान मुलाला विचारतात तसं. "तुमच्या खिशातही चाकू आहे का?"

ग्रॅनव्हिल माझ्याकडे बघत होता. त्याला उत्तर माहीत होतं. "सांग की तिला," तो म्हणाला. "वडिलांचा आहे ना?"

मला लिफ्ट आठवली. सिरिलचा पट आठवला.

"नाही," मी म्हणालो. "रुमाल आहे."

ग्रॅनव्हिल रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या खिशाकडे बघत राहिला, तिथून कोणी काही चोरलं असावं तसा.

दुसऱ्या दिवशी मला तोच प्रश्न आला. "गुरुवार, सतरा जुलै," मी शाळेतल्या पोरासारखं खणखणीत सांगितलं. नर्स म्हणाली, "शाब्बास." त्या शाब्बासकीने मला दिवसभर जेवण गेलं नाही. सोमवारी ग्रॅनव्हिलला वर नेलं. त्याने जाताना विचारलं, "तुम्ही येताय ना?" लिफ्टचं दार मिटेपर्यंत डोरीन हात हलवत होती, मी भिंतीकडे बघत होतो.

साडेदहाला चहा आला. कोणीच कोणाला खिशात काय ते विचारलं नाही. शेवटी मी डोरीनला सगळं सांगितलं, रुमालासकट.

"तू काय म्हणाली असतीस?" मी विचारलं.

"मीही रुमालच म्हणाले असते," ती म्हणाली. "आणि मग तुझ्यासारखंच तोंड पाडून बसले असते. चहा पी, गार होतोय."

वर भेटायला जायला आठवड्यातून एकदा परवानगी असते, गुरुवारी पंधरा मिनिटं, तेही बरोबर कोणीतरी असेल तर. बर्निस नावाची एक बाई आहे, इथे तीच काय ती माणसाशी माणसासारखं बोलते. ती आम्हाला घेऊन गेली. ग्रॅनव्हिल खिडकीपाशी उभा होता. त्याला करड्या रंगाची, कमरेला इलॅस्टिकवाली पँट घातली होती. आम्हाला ओळखलं. डोरीन मोठ्याने म्हणाली, "काय रे पोस्टमन, खिशात काय आज?"

त्याचा हात मांडीवर गेला. तिथे काही नव्हतं. दुसऱ्या मांडीवर गेला. तिथेही नव्हतं. मग मागे, मग पुन्हा पुढे. वरच्या मजल्यावर खिसे नसतात. "खिशात ही लोकं जेवण भरून ठेवतात हो, म्हणून," बर्निस ओशाळून म्हणाली. पुढची बारा मिनिटं तो दोन्ही हातांनी स्वतःला चाचपत होता. आम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलो. हात काही थांबले नाहीत.

खाली आल्यावर डोरीन म्हणाली, "तुझी एक पँट दे."

"कशाला?"

"खिसा पाहिजे. तुला रुमाल ठेवायला एक पुरेल."

असं लागेल ते बोलायला तिला कोणी शिकवायला नको. मी माझी रविवारची तपकिरी लोकरी पँट आणली. कात्री नव्हती. तीन चाकूवाल्यांचे मिळून दोनशे ऐंशी चाकू कपाटात पडलेत, आणि एक शिवण उसवायला पातं नाही! डोरीनने खिसा दातांनी उसवला. "खोटे असले तरी माझे दात आहेत, तुझ्यासारखी बोळकी नाहीत," ती तोंडात दोरा धरून म्हणाली. वरच्या मजल्याचे धुतलेले कपडे खाली घड्या घालायला येतात आणि 'हाताला काम' म्हणून ते डोरीनपुढेच टाकतात. ग्रॅनव्हिलच्या नावाची पट्टी असलेली पँट तिने बाजूला काढली. सुई बर्निसने आणून दिली आणि परत मिळेपर्यंत तिथेच उभी राहिली. डोरीनची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. एक खिसा शिवायला तिला पावणेदोन तास लागले. टाके बघवत नव्हते, पण ओढून पाहिले तर पक्के होते.

पुढच्या गुरुवारी वर गेलो. त्याने तीच पँट घातली होती. बर्निसने मुद्दाम घातली असणार. डोरीनने मला कोपराने ढोसलं, तूच विचार म्हणून. मग मी विचारलं.

"ग्रॅनव्हिल, खिशात काय आज?"

हात मांडीवर गेला. खिशाची कड लागली. थबकला. मग हात सावकाश आत गेला, मनगटापर्यंत. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, आणि त्याच्या खांद्यांचा ताण उतरताना आम्हाला दिसला. मी मनात म्हणत होतो, हाडाचा म्हण, हाडाचा म्हण.

त्याने हात बाहेर काढला, नख घातलं, पातं ओढलं. टक्.

"गुरुवार," तो म्हणाला.

मी डोरीनकडे पाहिलं.

"आज गुरुवार आहे, नेव्हिल. नर्स आली की मी गुरुवार म्हणायचं ना? आता नाही चुकायचो मी."

डोरीनने तोंड फिरवलं. मी बर्निसला म्हणालो, "ऐकलंस ना? लिही की गं कुठेतरी."

"मी लिहून काय होणार, नेव्हिल? आता थेट ऑक्टोबरात विचारतील," ती म्हणाली.

"म्हणायचं ना?" ग्रॅनव्हिलने पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणालो. "गुरुवारच म्हणायचं."

तो समाधानाने हसला. मग त्याने मला विचारलं, "आणि तुझ्या खिशात काय?"

मी खिशात हात घातला. तीच तपकिरी पँट होती. हात आरपार जाऊन उघड्या मांडीला लागला. बर्निस ऐकत होती. दाराशी लोरेनही येऊन उभी राहिली होती.

"चाकू आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "काळं शिंग, एकच पातं. मुठीजवळ कपचा उडालाय."

"तो माझ्या वडिलांचा," ग्रॅनव्हिल म्हणाला.

"तुझ्याच वडिलांचा. आज मी घेतलाय."

"धार लावून ठेव," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं झाली. बर्निस आम्हाला लिफ्टपाशी घेऊन आली. लोरेन बघत होती, म्हणून आज बर्निसने आकडे दाबताना आमच्यासमोर दुसरा हात आडवा धरला.